गेम चालतो, पण चालू देणार कोण?

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबवले. सुरक्षेचे तेवढे अपडेट नाव नोंदवून आणखी वर्षभर घेता येतात, पुढे तेही बंद. विंडोज 11 वर जायचं तर मशीनमध्ये टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. मुंबईच्या कंपन्यांनी वापरून विकलेला डेस्कटॉप घ्यायचा, त्यात ग्राफिक्स कार्ड बसवायचं आणि पोराला गेमिंग पीसी द्यायचा, हा आमच्या अलिबाग तालुक्यातल्या कित्येक घरांचा हिशेब. ते प्रोसेसर चौथ्या, सहाव्या, सातव्या पिढीचे असतात. चालतात झकास, पण विंडोज 11 च्या यादीत बसत नाहीत.

माझा धाकटा भाऊ किहीमला राहतो. चोंढी नाक्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लॅमिंग्टन रोडवरून माल उचलायचा, मांडव्याच्या बोटीने आणायचा आणि मशीन जोडून द्यायचं, हा त्याचा धंदा. माझी लेक पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, पक्की लिनक्सवाली. 2025 च्या नाताळच्या सुट्टीत एका गिऱ्हाइकाचं मशीन भाऊ घरी घेऊन आला आणि पडवीत मामा-भाचीची जुंपली. गेम खेळण्यासाठी विंडोजच हवं का, की फुकटच्या लिनक्सवर भागेल? दोघांचं बोलणं मी जमेल तसं टिपून घेतलं, कारण हा प्रश्न आता फक्त हौशी लोकांचा राहिलेला नाही. चांगली चालणारी मशीनं भंगारात टाकायची की नाहीत, एवढा तो मोठा झालाय.

मशीन होतं आय-फाइव्ह 7400 चं, 8 जीबी रॅम, आणि क्रिप्टो मायनिंगवाल्यांकडून सेकंडहँड आलेलं आरएक्स 580 कार्ड. भाऊ रॅमच्या पिना खोडरबराने घासत होता. खाऱ्या हवेने त्यांच्यावर काळपट थर चढतो आणि मशीन चालू होताना नुसतं बीप बीप करत राहतं. किनाऱ्यावरच्या गावात निम्मी दुरुस्ती म्हणजे हाच खोडरबर.

मामा : पोरगा सकाळी येऊन म्हणाला, काका, विंडोज 11 टाकून द्या. म्हटलं, तुझा प्रोसेसर बसत नाही त्यात. आडमार्गाने टाकता येतं, पण पुढचा मोठा अपडेट आला की काय होईल, त्याची गॅरंटी मी देणार नाही. आता त्याच्या बापाला नवीन मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम असा खर्च सांगायचा. तो ऐकून घरात काय होणार, ते मला माहीत आहे.

भाची : खर्च सांगूच नकोस. लिनक्स टाक. बझाइट नावाचं आहे, फेडोरावर बेतलेलं, खास गेमसाठी बनवलेलं. एक पैसा लागत नाही.

मामा : अगं, लिनक्स फुकट आहे हे मी कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय. उबुंटूच्या सीड्या पोस्टाने फुकट घरी यायच्या, मीही मागवली होती. टाकली, बघितली, एमपीथ्री गाणं वाजेना. त्या वेळी गावात ज्याच्याकडे पीसी त्याच्याकडे क्रिकेट 07. तो चालवायला बसलो तर डोक्याला शॉट. दोन दिवसांत परत विंडोज.

भाची : तेव्हा तुझं बरोबरच होतं. 2018 च्या आधी मीही कुणाला गेमसाठी लिनक्स टाक म्हटलं नसतं.

मामा : 2018 ला काय झालं?

भाची : प्रोटॉन आलं. पण त्याच्या आधीचं ऐक. 2012 मध्ये विंडोज 8 येत होतं, त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ॲपचं दुकान. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हचा गेब न्यूवेल स्वतः मायक्रोसॉफ्टमधून आलेला. त्याला दिसलं, की उद्या यांनी आपल्या दुकानाचीच वाट मोकळी ठेवली तर आपण मेलो. म्हणून त्याने लिनक्स धरलं. 2013 ला स्टीम लिनक्सवर आणलं, त्याच वर्षी स्टीमओएस काढलं. 2015 ला कंपन्यांकडून स्टीम मशीन नावाचे डबे बनवून घेतले, ते आपटले. कारण गेमच नव्हते. गेम बनवणाऱ्याला सांगायचं की लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढ, आणि तो विचारायचा, खेळणारे किती?

मामा : मी पण तेच विचारलं असतं.

भाची : म्हणून त्यांनी प्रश्नच उलटा केला. गेम बनवणाऱ्याने काहीच करायचं नाही. गेम विंडोजचाच राहू दे, मधे दुभाष्या बसवू. वाइन नावाचा प्रकल्प 1993 पासून हेच काम करत होता. त्यात डीएक्सव्हीके मिळवलं, आणि डायरेक्टएक्स 12 साठी व्हीकेडी3डी. हेच ते प्रोटॉन. गेम डायरेक्टएक्समध्ये सांगतो, हे चित्र काढ. ते सांगणं व्हल्कनमध्ये होऊन ग्राफिक्स कार्डाकडे जातं. प्रोसेसर दोन्हीकडे तोच असल्यामुळे गेमचं बाकीचं काम जसंच्या तसं चालतं, म्हणून वेग फारसा पडत नाही. 2022 ला स्टीम डेक आला तो याच जोरावर. आणि 2025 मध्ये लेनोव्होच्या लीजन गो एसवर लोकांनी विंडोज आणि स्टीमओएस दोन्ही टाकून मोजलं, तर बऱ्याच गेममध्ये स्टीमओएस पुढे निघालं.

मामा : मोजलेलं मला सांगू नकोस. माझ्या टेबलावर दाखव.

तिने बॅगेतून एक एसएसडी काढली, त्या मशीनला जोडली आणि पोराच्या विंडोजला हात न लावता तिच्यावरून बूट केलं. मामाने लगेच विचारलं, कार्डाचा ड्रायव्हर कुठून घेतलास? घ्यावाच लागला नव्हता. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो, बाकीचा मेसामधून येतो, आणि दोन्ही सिस्टिमसोबतच बसतात. तिने स्टीम उघडून ‘राजी’ लावला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये काढलेला हा खेळ. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट. त्याची लिनक्सची आवृत्ती निघालेली नाही, विंडोजचीच फाइल प्रोटॉनमधून चालते. आधी पडद्यावर ‘प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स’ अशी पट्टी सरकत राहिली, मामा तेवढ्यात चहाचा कप ठेवून आला. मग गेम उघडला. कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा 60 च्या आसपास. मामाने कंट्रोलर हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मामा : चांगला चालतोय. ती पट्टी कसली?

भाची : कार्डाला लागणारे छोटे प्रोग्राम आधीच तयार करून ठेवतो, म्हणजे खेळताना अडखळत नाही. काही गेमना त्यासाठी जास्तीचा डेटा उतरवावा लागतो, तो भुर्दंड आहे. आणि दुसरी गोष्ट आत्ताच सांगते, तुला गिऱ्हाइकाला सांगावी लागेल. त्याचे गेम डी ड्राइव्हवर असतील, एनटीएफएसमध्ये. तिथूनच चालवायला गेला तर प्रोटॉन कधी चालेल, कधी रुसेल. गेम लिनक्सच्या पार्टिशनवर हलवायचे.

मामा : म्हणजे शंभर जीबीचा गेम हलवायचा, नाहीतर परत उतरवायचा. किहीमच्या नेटवर.

भाची : एकदाच.

मामा : बरं. आता माझं ऐक. हा राजी काय, एकट्याने खेळायचा गेम. हा पोरगा काय खेळतो माहीत आहे? व्हॅलोरंट. याचे मित्र थळला, सासवण्याला, एक पनवेलला. रात्री सगळे एकत्र बसतात. सर्व्हर मुंबईत आहे, पिंग चांगली मिळते. चालव व्हॅलोरंट तुझ्या एसएसडीवर.

भाची : नाही चालणार.

मामा : फोर्टनाइट? पबजी? एफसी?

भाची : नाही. पण काउंटर-स्ट्राइक 2 चालतो, डोटा 2 चालतो. त्यांच्या तर लिनक्सच्या स्वतंत्र आवृत्त्या आहेत.

मामा : त्याचे मित्र काउंटर-स्ट्राइक खेळत नाहीत. पोरगा गेम निवडत नाही गं, मित्र निवडतो. आणि जो बीजीएमआय मोबाइलवर खेळतो, त्याला तो ब्लूस्टॅक्स टाकून पीसीवर हवा असतो. ब्लूस्टॅक्स लिनक्सला आहे का?

भाची : नाही.

मामा : मग तुझ्या त्या हजारो चालणाऱ्या गेमचं मी काय करू? माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांचे चार-पाच गेम आहेत, त्यातला एकही चालत नाही.

इथे लेक अडेल असं मला वाटलं होतं. उलट ती सावरून बसली.

भाची : का चालत नाहीत, ते विचार की. ग्राफिक्स जमत नाही म्हणून? नाही. प्रोटॉन अपुरं पडतं म्हणून? तेही नाही. एपेक्स लेजंड्स घे. लिनक्सवर तो व्यवस्थित चालत होता, लोक डेकवर खेळत होते. 31 ऑक्टोबर 2024 ला ईएने जाहीर केलं की लिनक्सवरून प्रवेश बंद. मशीन तेच, कार्ड तेच, खेळाडू तोच. जीटीए ऑनलाइनचंही तसंच. सप्टेंबर 2024 मध्ये त्यात बॅटलआय हे चीटर पकडणारं सॉफ्टवेअर आलं आणि लिनक्सवाले बाहेर. बॅटलआय तर 2021 पासून प्रोटॉनवर चालू शकतं, गेमच्या कंपनीने फक्त हो म्हणायचं असतं. रॉकस्टारने म्हटलं नाही. ईझी अँटी-चीटचंही तसंच, कंपनीने परवानगी दिली म्हणून एल्डन रिंग ऑनलाइनसुद्धा चालतो. म्हणजे मामा, तू ‘चालत नाही’ म्हणतोस ना, ते ‘चालू देत नाहीत’ असं आहे.

मामा : आणि त्यांनी का चालू द्यावं? तू कधी चीटरशी खेळली आहेस? समोरचा भिंतीपलीकडून बघतो, बंदूक आपोआप डोक्यावर जाते. आठवडाभर असं झालं की पोरं गेम सोडतात. व्हॅलोरंटवाल्यांनी व्हॅनगार्ड मशीनच्या पार आत बसवलं, ते याच्यासाठी. तुझ्या लिनक्समध्ये कर्नल कोणीही बदलून, हवा तसा बनवून वापरू शकतो. तुझ्यासाठी ते स्वातंत्र्य आहे, पण चोरालाही तेच मिळतं. मग गेमच्या कंपनीने कशावर विश्वास ठेवायचा?

भाची : हा मुद्दा खरा आहे. मी टाळत नाही. त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण व्हॅनगार्ड काय करतं बघ. तू गेम उघडला नाहीस तरी मशीन चालू होतानाच तो कर्नलमध्ये जाऊन बसतो. कर्नलमध्ये म्हणजे जिथून सगळं दिसतं. 19 जुलै 2024 आठवतं? क्राउडस्ट्राइकची एक चुकीची फाइल गेली आणि जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीनं निळी पडली. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. तो सुरक्षेचाच प्रोग्राम होता, चांगल्या कंपनीचा. पण बसलेला आत होता, म्हणून एका चुकीने सगळं मशीन गेलं.

मामा : गेममुळे तसं झालेलं नाही.

भाची : झालेलं नाही, पण जागा तीच आहे. आणि त्या प्रकारानंतर मायक्रोसॉफ्टच अँटिव्हायरसवाल्यांना कर्नलमधून बाहेर काढायच्या तयारीला लागलंय. ते दार खरंच बंद झालं तर अँटी-चीटवाल्यांनाही दुसरी तऱ्हा शोधावी लागेल. मग लिनक्सला नाही म्हणायचं मोठं कारण उरणार नाही.

मामा : ‘झालं तर’. मला गिऱ्हाइकाला आज मशीन द्यायचंय.

मी मधे बोलले ते इथेच. हे मशीन ज्या घरचं आहे, त्या घरी दोन खोल्या पर्यटकांना देतात. त्याच पीसीवर बुकिंग येतं, बँकेचे व्यवहार होतात. पोराच्या खेळातला चोर पकडायला एक परकी कंपनी आईबापाच्या बँकेच्या मशीनमध्ये कर्नलपर्यंत जाऊन बसते, हे त्या घरात कोणाला ठाऊकही नसेल. आपण वॉचमन ठेवताना त्याचं आधारकार्ड मागतो. भावाला मी विचारलं, तू हे गिऱ्हाइकाला सांगतोस का? तो म्हणाला, कोणी विचारत नाही. मला ते उत्तर पटलं नाही. चीटर पकडायलाच हवेत, खेळणाऱ्या मुलांवर तो अन्याय आहे, हे मला मान्य आहे. पण मशीन विकणाऱ्याने ही गोष्ट न विचारता सांगायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. आणि मुलांना एकीकडे घरच्या मशीनची सुरक्षितता आणि दुसरीकडे मित्र, यांतून निवडायला लावणं ही जबरदस्ती आहे, तिला सोय म्हणता येणार नाही.

मामा : ताई, तू हिच्या बाजूने बोलतेयस. आता माझा दुसरा प्रश्न. समज, मी सगळ्यांना लिनक्स टाकून दिलं. म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या हातून काढून व्हॉल्व्हच्या हातात दिलं ना? स्टीम तरी कुठे खुलं आहे? साधारणपणे गेममागे 30 टक्के घेतात. उद्या त्यांचं मन बदललं तर?

भाची : दुकान त्यांचं बंदिस्त आहे, बरोबर. पण प्रोटॉन खुलं आहे, डीएक्सव्हीके खुलं आहे, वाइन खुलं आहे. व्हॉल्व्हने उद्या हात काढला तरी आजवरचा कोड लोकांकडे राहतो. बझाइट व्हॉल्व्हचं नाहीच, लोकांनी बनवलंय. विंडोज 10 च्या बाबतीत असं करता आलं असतं का? लाखो मशीनं चालू आहेत, पण त्याचे अपडेट पुढे चालू ठेवायचा हक्क मायक्रोसॉफ्टशिवाय कोणालाच नाही.

मामा : बरं, आणि ते मोडलं की दुरुस्त कोण करणार? विंडोजचं मी झोपेत करतो. नाक्यावरचा दुसरा दुकानदारही करतो. एमएस-सीआयटीला आम्ही सगळे विंडोजच शिकलो. लिनक्सचं बिघडलं की पोरगा तुला पुण्याला फोन करणार का?

भाची : त्यासाठीच बझाइट सांगतेय. त्याचा अपडेट तुकड्यातुकड्याने बसत नाही. सगळं नवं चित्र बाजूला तयार होतं आणि पुढच्या वेळी मशीन चालू करताना लागू होतं. मधेच लाइट गेली तर जुनं होतं तसंच उघडतं. नवं नीट चाललं नाही तर चालू होताना यादीतून आधीचं निवडायचं, झालं. तुझ्याकडे अपडेट चालू असताना लाइट जाऊन लटकलेली किती विंडोज येतात?

मामा : पावसाळ्यात? लाइनच लागते.

हे त्याला लागलं, दिसत होतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर इथे कितीतरी दिवस वीज नव्हती. आली तरी येत-जात राहायची. त्या काळात दुकानात आलेली मशीनं तो अजून आठवून सांगतो. यंत्राने वीज जाणार हे गृहीत धरलेलं असावं, ही कोकणातली साधी गरज आहे. त्या बाबतीत या फुकट सिस्टिमची रचना सरस आहे, हे भावाने नंतर माझ्याजवळ कबूल केलं. भाचीसमोर नाही.

मामा : तरी एक राहतंच. घरातला पीसी पोराचा एकट्याचा नसतो. कोणाच्या बापाचं टॅली असतं, कोणाच्या आईचं श्री-लिपी. पत्रिका छापणारा एक आहे आपल्याकडे, त्याच्या मुलाला गेमिंग हवं. त्याचं श्री-लिपी काढून मी त्याचा धंदा बसवू?

भाची : त्याला लिनक्स देऊच नकोस. मी सगळ्यांना दे म्हणतच नाहीये.

मामा : याआधी तर म्हणाली होतीस की लिनक्स विंडोजची जागा घेईल.

भाची : घेईल म्हणाले, आज घेतली म्हणाले नाही. स्टीमच्याच पाहणीत 2025 च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्सवाले पहिल्यांदा 3 टक्क्यांच्या वर गेले. मला माहीत आहे किती कमी आहे ते. पण 2018 ला एक टक्काही धड नव्हता. आणि नोव्हेंबरमध्ये व्हॉल्व्हने नवं स्टीम मशीन जाहीर केलंय, या वेळी दुभाष्या सोबत घेऊन.

मामा : डेक भारतात रीतसर मिळाला नाही अजून. हे तरी मिळणार का? नाक्यावर येणारं हे नाही, हेच जुने आय-फाइव्ह येणार. म्हणून मला यांचं उत्तर पाहिजे.

भाची : यांचं उत्तर माणूस काय खेळतो त्यावर आहे. एकट्याने खेळायचे गेम, जुने गेम, काउंटर-स्ट्राइक, डोटा असेल तर हे मशीन आणखी काही वर्षं आरामात जाईल. आरएक्स 580 ला लिनक्सवर अजून नवे ड्रायव्हर येतायत. ज्याचं व्हॅलोरंटशिवाय भागत नाही, त्याला लिनक्स विकशील तर फसवशील. तोही उद्या विंडोज 11 वर गेला की व्हॅनगार्ड त्याच्याकडे टीपीएम आणि सिक्युअर बूट मागणार, मशीनमध्ये ते नसेल तर आडमार्गाने टाकलेलं विंडोज 11 त्याच्या कामाचं नाही. मग त्याला मशीनच बदलावं लागेल. ते बापाला सांगताना हेही सांग, की खर्च कॉम्प्युटर म्हातारा झाला म्हणून नाही, एका गेमसाठी आहे.

मामा : हे मी सांगू शकतो. हे बापाला कळेल.

भाची : आणि विंडोज काढूच नको. 240 ची एसएसडी वेगळी लाव, लिनक्स तिच्यावर. आहे त्या डिस्कवर दोन्ही टाकायला जाऊ नको. दोन्ही वेगळ्या डिस्कवर, चालू करताना जे हवं ते निवडायचं. वर्षभर विंडोज 10 वर व्हॅलोरंट खेळू दे. बँकेचं काम मात्र आईने लिनक्सवरून करायचं.

मामा : बँकेचं लिनक्सवर आणि खेळ विंडोजवर?

भाची : हो. आज तरी तेच शहाणपणाचं आहे.

मामा थोडा वेळ विचार करत राहिला, मग त्याने त्या पोराच्या वडिलांना फोन लावला. नव्या मशीनचा खर्च सांगितला, एसएसडीचा सांगितला, आणि व्हॅनगार्ड मशीनच्या कुठे बसतं तेही सांगितलं. पलीकडून बराच वेळ प्रश्न येत होते. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, एसएसडी लाव म्हणतायत, पण लिनक्सवर मराठी टाइप कसं करायचं ते त्यांच्या बायकोला कोणीतरी शिकवायला पाहिजे. लेक म्हणाली, उद्या सकाळी मी जाते. मामाने विचारलं, आणि परवा दुसरा कोणी आला तर? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, तिने ते त्याच्या मोबाइलवर उघडून दिले. त्याने पहिला धडा तिथेच लावला, आवाज मोठा केला, आणि आम्हाला दोघींना जरा गप्प बसा म्हणाला.